एका सेकंदात तेरा आघात

गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ती सेकंदाला साधारण ८२ वेळा थरथरते. ब्लॅक मेटल हे अतिवेगवान रॉक संगीत वाजवणारा वादक ती एकदा छेडून थांबत नाही. मिनिटाला २०० ठोक्यांची लय धरून तो प्रत्येक ठोक्यात चार वेळा, खाली-वर, खाली-वर असा तारेवर तुटून पडतो. हिशेब केला तर मिनिटाला ८०० आघात होतात, सेकंदाला तेराहून थोडे जास्त. तार जेमतेम सहा वेळा थरथरते, तोच पुढचा आघात येतो.

आता कानाचं काम पाहा. ठोका सेकंदाला चार-पाच वेळा पडला तर तो मोजता येतो. वेग विसाच्या पुढे गेला की मोजणं संपतं. कान ते ठोके एकमेकांना जोडून त्यांचा सलग स्वर करून टाकतो. तेरा-चौदाचा वेग या सीमेच्या जरासा अलीकडे आहे. जे ऐकू येतं ते ताल आहे की सूर, हे कानाला ठरवता येत नाही, आणि या न ठरण्यातून एक लखलखता, थरथरता पडदा तयार होतो. पहिल्यांदा ऐकणारा त्याला गोंगाट म्हणतो. मला मात्र वाटतं, ही माणसानं शोधलेल्या सर्वांत अचूक ध्वनियुक्त्यांपैकी एक आहे.

या संगीताबद्दल लिहायला धाराशिव जिल्हा हे विचित्र ठिकाण वाटेल. पण तुळजापूरचा गोंधळ आणि तेरचं विटांचं देऊळ, या दोन गोष्टी जवळ असल्या की मुंबईच्या एका मेटल बँडचा ‘दशावतार’ नावाचा अल्बम फार वेगळा ऐकू येतो.

न वाजवलेला सूर

आधी हा आवाज बनतो कसा ते पाहू. गिटारच्या तारेची लहर ॲम्प्लिफायरमध्ये इतकी फुगवतात की यंत्राला ती पेलत नाही, आणि लहरीचे वरचे-खालचे शेंडे कापले जातात. पायलीत शिगोशीग जोंधळा भरावा आणि वरची रास हातानं सपाट करावी, तसं. या कापाकापीतून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे नवे स्वर जन्माला येतात आणि एका तारेचा आवाज गर्दीसारखा दाटतो. शिवाय मोठा आवाज आणि लहान आवाज यांतलं अंतर पुसलं जातं, म्हणून स्वर विझत नाही, ताणलेलाच राहतो.

खरी नवलाची गोष्ट दोन तारा एकत्र छेडल्यावर घडते. षड्ज आणि पंचम घ्या. एका तारेची ८२ कंपनं, दुसरीची साधारण १२३. शेंडे कापणारं यंत्र या दोन लहरी एकमेकींत मिसळतं, आणि त्यांच्या फरकाचा, म्हणजे ४१ कंपनांचा, तिसरा स्वर तयार होतो. हा षड्ज मूळ षड्जाच्या एक सप्तक खाली आहे. गिटारच्या कुठल्याही तारेवर तो नाही. कुणी वाजवलेला नाही, तरी ऐकू येतो, आणि छातीत जो घुमारा जाणवतो तो याच सुरामुळे.

यावर गळा येतो. गाणारा चिरकतो, गुरगुरतो. आपल्या स्वररज्जूंच्या वर आणखी दोन घड्या असतात. त्यांना खोट्या स्वररज्जू म्हणतात आणि बोलताना त्या सहसा स्वस्थ असतात. गुरगुरणारा गायक त्या कामाला लावतो. तिबेटी भिक्खूंच्या अतिखर्जातल्या मंत्रपठणातही त्याच घड्या कंप पावतात. २०१५ साली लूक आर्नाल, डेव्हिड पोपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या किंकाळीचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या बोलण्यात आवाजाचा जोर सेकंदाला चार-पाच वेळा कमी-जास्त होतो. किंकाळीत हाच चढउतार सेकंदाला ३० ते १५० वेळा होतो. कानाला त्याचा खरखरीतपणा जाणवतो आणि मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे धोक्याची वर्दी देणारा भाग, जागा होतो. घरफोडीचा इशारा देणारे भोंगेही याच पट्ट्यात वाजतात.

म्हणजे ब्लॅक मेटल ऐकताना अंगावर काटा येतो त्याला शरीरात कारण आहे. कान म्हणतो, धोका आहे. डोळे म्हणतात, नाही. भीतीची सगळी जाग शरीरात राहते, भीतीचं कारण मात्र नसतं. ही जाग मग संगीताकडे वळवायची, हे या कलेचं काम.

रात्रभर एकच तार

ही कला नॉर्वेच्या थंडीत बहरली असं सांगतात आणि ते बरोबर आहे. पण तिचं तत्त्व तुळजापूरला गोंधळ ऐकलेल्या माणसाला नवं नाही.

गोंधळ्यांमध्ये कदमराई आणि रेणुराई अशा दोन परंपरा. कदमराई तुळजाभवानीचे, रेणुराई माहूरच्या रेणुकेचे. लग्न झालं, नवस फिटला की घरी गोंधळ घालायचा. चौक भरला जातो, कलश मांडला जातो, दिवटी पेटते. आधी गावोगावच्या दैवतांना नावानिशी बोलावणं होतं आणि मग आख्यान सुरू होतं. साथीला संबळ, तुणतुणं आणि झांज.

तुणतुण्याकडे नीट पाहा. पोकळ नळकांडं, तळाला चामडं, त्यातून वर बांबूच्या दांडीवरल्या खुंटीपर्यंत ताणलेली एकच तार. त्यावर ना पडदे, ना राग. एकाच सुरावर ते अखंड चालू राहतं, आणि थोड्या वेळानं आपण ते ऐकायचंच सोडून देतो. ते थांबलं की मग कळतं, सगळं आख्यान त्याच्या आधारावर उभं होतं. संबळ ही जोडी. एकीचा आवाज चढा आणि टणक, दुसरीचा खालचा आणि घुमणारा. ती कमरेला बांधून काड्यांनी वाजवतात, आणि त्यातल्या एका काडीचं टोक वाकडं असतं. लय चढली की टणक आवाजाच्या सरी एकमेकींत मिसळतात आणि खालचा घुमारा जमिनीतून आल्यासारखा वाटतो. नवरात्रात आराधी मेळे बसतात, गळ्यात कवड्यांच्या माळा असतात, हातात परडी, पोत पेटलेला असतो, आणि ‘आई राजा उदो उदो’ असा हजारो गळ्यांतून खरखरीत गजर उठतो. कोरडा, फाटलेला, जोरकस आवाज इथं दोष मानला जात नाही. तो लागलाच पाहिजे.

एक न हलणारा सूर, त्यावर दाटत जाणारा ताल, त्यावर फाटका गळा, आणि हातात भरपूर वेळ. ब्लॅक मेटलचा ॲटमॉस्फेरिक नावाचा प्रवाह या चारच गोष्टींवर उभा आहे. मी त्याला गोंधळ म्हणत नाही. गोंधळ हा देवीपुढचा विधी आहे आणि त्याला श्रद्धेचा आधार आहे. पण कानाला नेमकं काय करायचं हे दोघांनाही ठाऊक आहे.

पुनरावृत्तीची जादू मोजूनही पाहिलेली आहे. संगीत-मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ मार्गुलिस यांनी लुचानो बेरिओ आणि एलियट कार्टर या अवघड आधुनिक संगीतकारांच्या रचना घेतल्या आणि संगणकावर त्यातले तुकडे पुन्हा पुन्हा जोडले. ऐकणाऱ्यांना या फेरफार केलेल्या आवृत्त्या मूळ रचनांपेक्षा जास्त आवडल्या, जास्त रंजक वाटल्या. तीच गोष्ट परत आली की मन पुढचं काय हे शोधायचं सोडतं आणि आतलं काय हे ऐकू लागतं. तिसऱ्या मिनिटाला भिंतीसारखा वाटणारा आवाज सातव्या मिनिटाला पारदर्शक होतो आणि आत एक संथ धून चाललेली दिसते. ती आधीपासून तिथंच होती.

अंधाराचा इतिहास

‘ब्लॅक मेटल’ हे इंग्लंडमधल्या व्हेनम या बँडच्या १९८२ च्या अल्बमचं नाव. ते पुढं एका अख्ख्या शैलीला चिकटलं. स्वीडनच्या बाथोरीनं १९८४ पासून तिला थंड, खरबरीत रूप दिलं आणि १९९० नंतर नॉर्वेच्या तरुणांनी तिचं टोक गाठलं.

त्यातल्या डार्कथ्रोन या बँडचा अनुभव समीक्षेच्या दृष्टीनं फार बोलका आहे. १९९२ चा त्यांचा अल्बम हाती आला तेव्हा त्यांचे अल्बम काढणारी कंपनी, इंग्लंडची पीसव्हिल, बिचकली. आधीचं दणकट डेथ मेटल कुठं गेलं, गिटारचा आवाज असा हडकुळा का? बँड अडून बसला: आहे तसाच काढा. दोन वर्षांनी आलेला ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ त्यांनी घरात, साध्या चार ट्रॅकच्या टेप यंत्रावर मुद्रित केला. ढोल जवळजवळ पूर्ण वेळ एकाच चालीत धावतात, गिटारला अंगच नाही, फक्त कडा आहे. आज हा अल्बम या शैलीचा पाया मानला जातो. मधल्या काळात मुद्रण बदललं नाही, कान बदलले. ज्याला लोक निकृष्ट ध्वनिमुद्रण म्हणत होते, ते दूरवरून, वाऱ्यातून येणाऱ्या आवाजाचं चित्र होतं, हे हळूहळू उमगलं.

या इतिहासाला रक्ताचा डाग आहे आणि तो झाकता कामा नये. १९९२ साली बर्गेनजवळचं फान्टोफ्टचं लाकडी चर्च जाळलं गेलं, मग आणखी चर्चं जळाली. १९९३ मध्ये मेहेम बँडच्या गिटारवादकाचा खून झाला आणि बर्झम या नावानं संगीत करणाऱ्याला त्यासाठी २१ वर्षांची शिक्षा झाली. काहींनी पुढं वंशद्वेषाचा उघड पुरस्कार केला. ब्लॅक मेटल ऐकणाऱ्या प्रत्येकानं हे माहीत करून घेतलं पाहिजे आणि कुणाची पाठराखण करायची नाही हे ठरवलं पाहिजे.

बरं झालं ते असं की शैली त्या टोळक्याच्या हातातून निसटली. उल्व्हर या बँडनं १९९५ मध्ये लोककथा आणि लोकसंगीत तिच्यात आणलं. अमेरिकेत वूल्व्हज इन द थ्रोन रूम या बँडनं २००७ च्या ‘टू हंटर्स’ अल्बममध्ये जंगल हाच विषय केला. अख्ख्या अल्बमात चार रचना आणि शेवटची एकटी अठरा मिनिटांची. चर्च-सैतान मागे पडले, निसर्ग, एकांत आणि शोक पुढे आले. या प्रवाहाला ॲटमॉस्फेरिक ब्लॅक मेटल म्हणतात. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डेफहेवन बँडचा ‘सनबेदर’ आला. मुखपृष्ठ चक्क गुलाबी. समीक्षकांनी त्याला त्या वर्षीच्या सर्वाधिक गुण मिळालेल्या अल्बमांत नेऊन बसवलं, आणि जुने चाहते संतापले: हे आमचं नव्हेच. गुण देणारे आणि संतापणारे एकच आवाज ऐकत होते. एकांना त्यातला उजेड दिसला, दुसऱ्यांना अंधार हरवल्याचं दुःख झालं.

मुंबईचा दशावतार

डीमॉनिक रिझरेक्शन हा बँड २००० साली मुंबईत सुरू झाला. त्यामागचा माणूस साहिल मखिजा. मंचावर तो डीमनस्टीलर. त्यांचं संगीत निव्वळ ॲटमॉस्फेरिक ब्लॅक मेटल नाही. डेथ मेटलची ताकद, ब्लॅक मेटलचा वेग आणि कीबोर्डमधून येणारं वाद्यवृंदाचं आभाळ, असं ते मिश्रण आहे. आपल्याकडचं या परिवारातलं सर्वांत ठळक नाव मात्र हेच. २०१० मध्ये त्यांचा अल्बम कॅन्डललाइट या ब्रिटिश कंपनीनं जगभर आणला. नॉर्वेच्या एम्परर बँडचे गाजलेले अल्बम काढणारी ती हीच कंपनी. त्याच वर्षी ते ऑस्लोच्या इन्फर्नो महोत्सवात वाजले, म्हणजे थेट या शैलीच्या बालेकिल्ल्यात, आणि इंग्लंडच्या ‘मेटल हॅमर’ मासिकाचा ‘ग्लोबल मेटल’ पुरस्कारही त्यांना त्याच वर्षी मिळाला. तोवर त्यांच्या गाण्यांचं विश्व बहुतांशी काल्पनिक अंधारयुगाचं होतं आणि घडण युरोपीय.

२०१७ च्या ‘दशावतार’नं ती दिशा बदलली. दहा गाणी, दहा अवतार, मत्स्यापासून कल्कीपर्यंत क्रमानं. गुरगुरत्या आवाजासोबत स्वच्छ गायन, आणि गिटार-ढोलांच्या जोडीला सतार-तबल्यासारखी भारतीय वाद्यं. कल्पना धाडसी आहे, कारण दशावतार ही ऐकणाऱ्याला पाठ असलेली गोष्ट. नरसिंह खांबातून येणार हे पोराटोरांना माहीत असतं. कोकणात दशावतारी नाटकं रात्रभर रंगतात ती काही गोष्ट पुढं काय होते या उत्सुकतेवर नव्हे. काय होणार हे माहीत असताना ते घडताना अनुभवायचं असतं, आणि मेटलसारख्या पुनरावृत्तीवर जगणाऱ्या संगीताला असा विषय फार मानवतो. हिरण्यकश्यपूचा वध किंकाळीच्या पट्ट्यात ऐकला की पुराणातली भीती पहिल्यांदा शरीरातून जाते. चित्रातला नरसिंह आपण इतक्यांदा पाहिलेला असतो की त्याचा धाक उरलेला नसतो. आवाज तो धाक परत देतो.

इथं मला तेर आठवतं. तेरणेकाठचं हे गाव म्हणजे पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ग्रीक लेखनात आलेलं तगर, आणि संत गोरोबाकाकांचं गाव. तिथं त्रिविक्रमाचं देऊळ आहे. मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल, वर विटांचं कमानदार छत. हे मुळात बौद्ध चैत्यगृह असावं असं पुरातत्त्वज्ञ हेन्री कझेन्स यांनी मांडलं. आज आत वामनाचं त्रिविक्रम रूप पुजलं जातं: बुटका बटू एकाएकी वाढतो आणि एका पावलात आकाश व्यापतो, तो क्षण. अल्बममधलं पाचवं गाणं वामनाचं, नववं बुद्धाचं. तेरला हे दोघे एका छपराखाली येऊन गेलेले दिसतात.

नववं गाणं ऐकताना मराठी माणसाला थांबावं लागतं. आपल्याकडच्या जुन्या पंचांगांत आणि चित्रांत नवव्या जागी अनेकदा विठ्ठल असतो. दुसरीकडे, १९५६ मध्ये नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही असं स्पष्ट म्हटलेलं आहे. म्हणजे या एका गाण्याच्या विषयाला इथं तीन उत्तरं आहेत, आणि तिन्हींमागं माणसं उभी आहेत. इंग्रजीत लिहिणाऱ्या परदेशी समीक्षकाला ते गाणं दहातलं एक वाटलं तर नवल नाही. आपल्याला तसं वाटून चालणार नाही. या वजनाच्या प्रश्नाला एक गाणं पुरत नाही, आणि अल्बम क्रम पाळण्याच्या ओढीत इथून पुढं सरकतो, हे मला त्याचं उणं वाटतं.

दुसरी गोष्ट वाद्यांची. भारतीय बँड म्हटला की सतार शोधायची, ही जगाच्या कानाला लागलेली सवय आहे. सतार आणि तबला बैठकीत वाढले. मिंड, बारकावे, शांतता हे त्यांचं बळ. सेकंदाला तेरा आघातांच्या पडद्यापुढं ते बारकावे बुजतात, म्हणून त्यांना जागा द्यायला गिटारला थांबावं लागतं आणि दोन संगीतं एकमेकांशेजारी उभी राहतात. ती एक व्हायची तर वाद्यंही त्याच स्वभावाची हवीत: उघड्यावर, रात्री, आगीशेजारी, गर्दीच्या गजरावर मात करायला घडलेली. संबळेचा टणक आवाज मेटलच्या ढोलांतून आरपार येईल. तुणतुण्याची तार गिटारच्या पडद्यात अशी विरघळेल की कुठलं काय ते कळणार नाही. गोंधळ्याच्या किंवा आराध्याच्या गळ्याला तर काही शिकवावंच लागणार नाही.

कसं ऐकावं

अशा संगीतानं पोरं बिघडतात, चिडखोर होतात, असं घराघरांत म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाच्या लीआ शार्मन आणि जेनेव्हिव्ह डिंगल यांनी २०१५ मध्ये १८ ते ३४ वयाच्या ३९ मेटलश्रोत्यांना आधी मुद्दाम राग आणला आणि मग काहींना दहा मिनिटं त्यांच्या आवडीचं संगीत ऐकू दिलं, काहींना शांत बसवलं. ऐकणाऱ्यांचा राग वाढला नाही. उतरला, आणि उमेद वाटल्याचं त्यांनी सांगितलं. अभ्यास लहान आहे आणि तो चाहत्यांपुरता आहे. तरी रात्रभराच्या गोंधळानंतर सकाळी माणसं हलकी का होतात याचं एक टोक त्यात सापडतं.

म्हणून ‘दशावतार’ ऐकायचा असेल तर तुकड्यांत ऐकू नका. पहिल्या फेरीला शब्द सोडून द्या. गुरगुरणं हे वाद्य आहे असं समजा. दुसऱ्या फेरीला गिटारचा तो न ठरणारा पडदा धरा आणि त्याच्या मागं काय चाललंय ते शोधा. कीबोर्डची संथ धून तिथं सापडेल. तिसऱ्या फेरीला फक्त खालचा, कुणी न वाजवलेला षड्ज ऐका. आणि एकदा तरी त्याच्या आधी तासभर गोंधळ ऐका, ध्वनिमुद्रित असला तरी चालेल. कान तयार झालेला असतो.

या शैलीच्या समीक्षेचा सगळा इतिहास पाहिला तर तो कान तयार होण्याचा इतिहास आहे. पीसव्हिलला तयारीला वेळ लागला, ‘सनबेदर’वर संतापलेल्या जुन्या चाहत्यांना लागला. तुळजापूर, नळदुर्ग, परंड्याकडच्या पोरांना तेवढा लागू नये. संबळ त्यांनी मांडीवर बसण्याच्या वयात ऐकलेली आहे. त्यांच्यापैकी कुणी उद्या गिटार हाती घेतली तर नॉर्वेच्या जंगलाची नक्कल करायची त्यांना गरज नाही. बालाघाटाच्या डोंगरात, त्यांच्या दाराशी, रात्रभर वाजणारं एक संगीत आहे, आणि सेकंदाला तेरा आघातांचा वेग त्याच्याशी सहज जमेल.